शस्त्रक्रियेनंतरची बैठक



दुखणे ज्याचे त्यालाच भोगावे लागते, हे खरे आहे. परंतु पथ्य एकट्याने पाळता येत नाही. ते घरच्या चुलीपाशी पाळावे लागते, शेजारच्या लग्नात पाळावे लागते, श्राद्धाच्या पानावर आणि गणेशचतुर्थीच्या पंगतीत पाळावे लागते. आजचा विषय याच गोष्टीशी निगडित आहे. वजन घटविण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसांना पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत कोणाची सोबत मिळते, आणि कोणाची मिळावयास हवी, याचा आपण थोडा विचार करू.

पूर्वी ही शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांची आणि परदेशची गोष्ट वाटे. आता आपल्या बेटावरही ओळखीपाळखीत असे एखादे नाव ऐकू येते. कोणी येथील खाजगी दवाखान्यात ती करून घेतो, कोणी कर्ज काढून भारतात जाऊन येतो. गावात मात्र ही बातमी कुजबुजीनेच पसरते. शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती "पोटात गाठ होती" असे सांगते, आणि ऐकणारे मागे वळून "हिने सोपा मार्ग धरला" असे म्हणतात. या दोन्ही वाक्यांमुळे त्या व्यक्तीचे नुकसान होते. कसे, ते पुढे येईलच.

दोष केवळ जिभेचा नव्हे

आपले बहुतेक पूर्वज कोकणपट्टीतून मुंबई बंदरावाटे या बेटावर आले. १८३४ पासून सुरू झालेल्या मजूरभरतीत त्यांनी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत उसाच्या मळ्यात अंग मोडून काम केले. आज त्यांची पणतवंडे कचेरीत, शाळेत, दुकानात किंवा बसच्या चाकामागे बसून असतात. पानावर मात्र भात तेवढाच राहिला आहे, आणि वर ढोलपुरी, तळलेले गातो पिमाँ व बाटलीतले गोड पाणी यांची भर पडली आहे. १९८७ साली येथे मधुमेह व तत्सम रोगांची पहिली मोठी राष्ट्रीय पाहणी झाली, आणि मॉरिशसचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. अलीकडच्या पाहण्यांत दर पाच प्रौढांमागे सुमारे एकास मधुमेह आढळला आहे.

त्याच काळातली आणखी एक हकीगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८७ मध्ये सरकारने रेशनच्या तेलात पामतेलाच्या जागी बहुतांशी सोयाबीनचे तेल आणले. १९९२ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल सरासरीने चांगलेच उतरलेले आढळले. लोक काही पाच वर्षांत अधिक निग्रही झाले नव्हते. त्यांच्या कढईतले तेल बदलले होते. मात्र स्थूलता त्याच पाच वर्षांत वाढली, हेही त्याच पाहणीत दिसले. माणसाचे शरीर केवळ त्याच्या मनोनिग्रहावर चालत नाही. कुळातून आलेला देह, भोवतीचे अन्न, काम, झोप आणि चिंता या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. "तोंडावर ताबा नाही" एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

शस्त्रक्रियेत काय होते

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया सुरू केली. या क्षेत्रात त्यांचे नाव आद्य प्रवर्तक म्हणून घेतात. आज दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत. पहिल्या प्रकाराला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागास जोडतात. दोन्ही प्रकार आता बहुधा दुर्बिणीतून, लहान छिद्रे पाडून करतात. यामुळे केवळ पोटातली जागा कमी होते असे नाही. भूक चेतविणारी व तृप्ती सांगणारी शरीरातील द्रव्येही बदलतात.

ही शस्त्रक्रिया कोणी करावी, याचे निकष अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने १९९१ साली घालून दिले. वजनाच्या किलोला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो ४० वा त्याहून अधिक असावा, किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा गंभीर विकार असावा, असे तेव्हा ठरले. २०२२ मध्ये या विषयातील दोन मोठ्या वैद्यकीय संघटनांनी ही मर्यादा खाली आणली. आशियाई वंशाच्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासूनच विचार व्हावा, असे त्यांनी म्हटले. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ९० किलो असेल, तर हा आकडा ३५ च्या किंचित वर जातो. आपल्या गावांतून असे देह दुर्मिळ नाहीत.

लाभही मोठे आहेत. डॉ. वॉल्टर पोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली आपल्या ६०८ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील प्रौढपणी जडलेल्या मधुमेहाच्या बहुसंख्य रुग्णांची रक्तशर्करा बायपासनंतर सामान्य झाली होती. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली आले. शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण तशाच स्थूल परंतु शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांहून कमी होते. तेव्हा ही काही सौंदर्याची हौस नव्हे. आयुष्य वाढविणारा हा उपचार आहे.

सोपा मार्ग कोणी पाहिला?

परंतु "सोपा मार्ग" म्हणणाऱ्यांनी पहिले वर्ष एकदा जवळून पाहावे. आरंभी केवळ पाणी आणि पातळ पेये, तीही घोटाघोटाने. मग वरणाचे पाणी, ताक, मुगाचे कढण. त्यानंतर कुस्करलेले अन्न, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, पण बशीभरच. दररोज निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावयास हवीत. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत वीसच्या आसपास, वाटीभर दह्यात सहा-सात. हे गणित चिमुकल्या पोटात बसविणे म्हणजे रोजची परीक्षाच. म्हणून मासळी, अंडे, डाळ आणि दही आधी, ब्रेदची भाजी त्यानंतर, आणि भात किंवा फराटा जागा उरली तर. जेवताना पाणी प्यावयाचे नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबावयाचे. प्रत्येक घास पूर्ण चावावयाचा. एक घास जास्त झाला तर छातीत कळ येते, तोंडाला पाणी सुटते, ओकारी होते. बायपास झालेल्याने गोड सरबत घेतले, तर घाम फुटतो, काळीज धडधडते आणि पडून राहावेसे वाटते.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात. ते बहुधा पुन्हा येतात, पण तोवर कंगव्यातला पुंजका पाहून बायकांचे डोळे भरतात. कातडी लोंबते. वजन एखाद्या आकड्यावर येऊन तीन-चार आठवडे हलत नाही. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि ब१२ यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात, रक्ताची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. मधुमेहाच्या औषधांची मात्रा डॉक्टरांना भराभर कमी करावी लागते. तरुण स्त्रियांनी बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावयाची असते, आणि नेमकी याच काळात वजन उतरल्यामुळे ती अधिक सुलभ झालेली असते. मद्य तर आता पूर्वीपेक्षा फार लवकर चढते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याचा प्रश्न असणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले.

शल्यविशारदाचे काम दोन-तीन तासांचे असते, रुग्णाचे जन्मभराचे. आणि ज्याचा शल्यविशारद साडेचार हजार किलोमीटर पलीकडे मुंबईस बसला आहे, त्याने रात्री नऊ वाजता घशात अडकलेल्या घासाविषयी कोणास विचारावे?

मुले मुलांना शिकवितात

शिक्षकी पेशाच्या प्रशिक्षणात आम्हांस डॉ. अँड्र्यू बेल यांची माहिती शिकविली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते मद्रासजवळ एग्मोर येथे अनाथ मुलांची शाळा पाहत असत. तिकडच्या गावठी शाळांत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवितात आणि थोडे पुढे गेलेले मूल मागच्यास शिकविते, हे त्यांनी पाहिले. आपल्याकडे त्याला धुळाक्षरे म्हणत. बेल यांनी तीच रीत आपल्या शाळेत चालविली, १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली, आणि पुढे ती पद्धत इंग्लंडभर पसरली. जो नुकताच ते अक्षर शिकला, त्याला त्यातली अडचण ताजी आठवते. गुरुजी ती कधीच विसरून गेलेले असतात. वर्गात वीस वर्षे काढलेल्या कोणत्याही शिक्षकास हा अनुभव आहे. भागाकार माझ्याकडून समजला नाही, तो मुलगा शेजारच्या बाकावरच्याकडून मधल्या सुट्टीत समजून घेतो.

वैद्यकातही हे फार पूर्वी ध्यानात आले. बॉस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली क्षयाच्या गरीब रुग्णांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. पथ्य आणि विश्रांती शिकविण्यासाठी तो होता, पण रुग्णांना एकमेकांचा जो धीर मिळे तोच मोठे औषध ठरला. १९५२ साली टेरीझ लॅसर या अमेरिकन बाईंनी आपल्या स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर, त्याच शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या इतर स्त्रियांना भेटण्याचे काम आरंभिले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जीन नायडेच या गृहिणीने आपल्याचसारख्या स्थूल मैत्रिणींना घरी बोलाविले, आणि वजन घटविणाऱ्यांच्या जगप्रसिद्ध मंडळांची सुरुवात तेथून झाली. आज अमेरिकेत या शस्त्रक्रियेच्या केंद्रांना मान्यता देताना रुग्णांसाठी आधारगट आहे काय, हेही पाहतात. अशा गटांना नियमित जाणाऱ्यांचे वजन न जाणाऱ्यांहून अधिक उतरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मुळात जे अधिक तत्पर तेच गटाला जातात, असाही याचा एक अर्थ होऊ शकतो, म्हणून या आकड्यांना जादू समजू नये. पण त्यात हानी दिसत नाही आणि लाभ संभवतो, एवढे निश्चित.

आपल्यास मात्र हे बॉस्टनहून शिकण्याची गरज नाही. आपल्या पूर्वजांनी या बेटावर बैठका चालविल्या. दिवसभर मळ्यात राबून संध्याकाळी ते एका छपराखाली जमत, भाषा शिकत, भजन करीत, तंटे मिटवीत, आणि नव्याने आलेल्यास जुना माणूस येथील रीत सांगे. एकाच प्रसंगातून गेलेली माणसे एकत्र बसतात तेव्हा काय घडते, हे आपल्या रक्तात आहे.

एका मागल्या अंगणात

माझ्या परिचयाची अशी एक लहानशी बैठक आहे. माझ्या एका सहशिक्षिकेने ती सुरू केली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तिच्या घराच्या मागल्या अंगणात सात-आठ माणसे जमतात. त्यांत एक बसचालक आहे, एक शिवणकाम करणाऱ्या विधवा बाई आहेत, एक बँकेतली मुलगी आहे. आपले लोक आहेत तसे तेलुगू, मुसलमान आणि क्रिओल शेजारीही आहेत. बोलणे क्रिओलमध्ये चालते, मध्येच मराठी येते. कोणीही खाद्यपदार्थ आणावयाचा नाही, हा पहिला नियम. प्रत्येकाच्या हाती पाण्याची बाटली असते.

तेथे चालणारे बोलणे ऐकण्यासारखे असते. बसचालक विचारतो, "डबा उघडायला मला दहाच मिनिटे मिळतात, तेवढ्यात हळू कसे खाऊ?" शिवणवाल्या मावशी सांगतात, "बाळा, दोन वेळचे चार वेळा कर. घासागणिक चमचा खाली ठेव. मी प्रत्येक घासाला एक टाका घालते." कोणत्याही आहारतज्ज्ञाच्या कागदावर हे लिहिलेले नसते.

चतुर्थीच्या आधीच्या बैठकीत तर तालीमच होते. एक जण आग्रही काकू बनते, दुसरी सुनेच्या भूमिकेत उभी राहते. "अगं, एक मोदक घे, देवाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये." सून म्हणते, "काकू, प्रसाद नाकारत नाही. हा कण डोळ्याला लावून खाते, बाकीचा तुमच्या नातवाला द्या." हसता हसता सर्वांचे शब्द पाठ होतात. पंगतीत ऐन वेळी शब्द सुचत नाहीत म्हणून माणूस खातो आणि मग घरी जाऊन ओकतो. ही तालीम म्हणजे चेष्टा नव्हे.

पण या बैठकीत एकदा जे घडले, त्यामुळे तिचे खरे मोल मला कळले. बँकेतल्या मुलीची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले होते. तीन आठवडे तिला वरचेवर ओकाऱ्या होत होत्या. घरच्यांना तिने सांगितले नव्हते, कारण "तुलाच हौस होती" हे ऐकावे लागले असते. बैठकीत ती एवढेच म्हणाली की पाय बधिर वाटतात आणि जिना उतरताना तोल जातो. एकीने "मलाही आरंभी ओकाऱ्या व्हायच्या, लिंबूपाणी घे" असे सुचविले. बसचालकाने मात्र ते तेथेच थांबविले. तो म्हणाला, "ओकाऱ्या मलाही झाल्या, पण पाय बधिर कधी झाले नाहीत. हे आपल्या शहाणपणाचे काम नव्हे." त्याच संध्याकाळी दोघांनी तिला इस्पितळात नेले. शरीरातील ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आले होते. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो, आणि अन्न टिकत नसले की तो भराभर ओसरतो. पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या आशियाई लोकांत पूर्वी जो बेरीबेरी होई, तोच हा रोग. वेळेवर इंजेक्शने मिळाली म्हणून ती पुन्हा नीट चालू लागली. विलंब झाला असता तर डोळ्यांवर आणि मेंदूवर कायमचा परिणाम झाला असता.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. घरी जे बोलता आले नाही, ते तिला बैठकीत बोलता आले, ही पहिली. आणि सोबत्याने आपली मर्यादा ओळखली, ही दुसरी. "मलाही तसेच झाले होते" हे वाक्य धीर देणारे आहे, पण चुकीच्या जागी ते प्राणघातक ठरते.

सोबत करणाऱ्यांनी काय पाळावे

या बैठकीने अनुभवातून काही नियम केले आहेत. इतरांसही ते उपयोगी पडतील, म्हणून देत आहे.

१. किलोंची तुलना करू नये. कोणाचे महिन्यात आठ उतरतात, कोणाचे तीन. "जिना न थांबता चढले", "लेकराला कडेवर घेतले", "इन्सुलिन सुटले" अशा गोष्टींचे कौतुक करावे.

२. बैठकीत ऐकलेले बैठकीतच राहावे. आपली गावे लहान आहेत आणि भिंतींना कान आहेत.

३. एकमेकांच्या औषधाची मात्रा सांगू नये, गोळी उसनी देऊ नये. विशेषतः बायपास झालेल्यास आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो.

४. चूर्णे, पेये, चहा विकणाऱ्यास बैठकीत थारा देऊ नये.

५. पुढील लक्षणे दिसताच सल्ला न देता थेट डॉक्टरांकडे न्यावे: ताप आणि नाडीचा वेग वाढणे, पोटात तीव्र कळ, छातीत दुखणे किंवा धाप, एका पोटरीला सूज, दिवसभर पाणीही न टिकणे, काळी शौचास होणे, हातापायांस बधिरपणा, तोल जाणे, दोन-दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ.

६. मनाकडे लक्ष ठेवावे. २०१६ साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःस इजा करून घेण्याचे प्रसंग आधीच्या तीन वर्षांहून सुमारे निम्म्याने अधिक आढळले. अशी माणसे शंभरात एखादेच होते, तरी तो एक जण आपला असू शकतो. ज्यास वर्षानुवर्षे दुःखात अन्नाचा आधार होता, त्याचा तो आधार शस्त्रक्रियेने एका दिवसात काढून घेतला जातो. त्या जागी काहीतरी यावयास हवे. कोणी उदास दिसला, फार पिऊ लागला, "आता कशाला जगायचे" असे म्हणाला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. स्पष्ट विचारावे, एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

७. सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटी देतो. ज्याचे वजन पुन्हा वाढू लागले, त्यास बोलावून आणावे. दोन वर्षांनंतर काही किलो परत येणे हे पुष्कळांच्या वाट्यास येते. शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेते, तो अपराध नव्हे. परंतु वजन वाढले की माणूस लाजेने बैठकीस येत नाही, डॉक्टरांकडे जात नाही, गोळ्याही सोडतो. म्हणजे ज्या वेळी सोबत सर्वाधिक हवी, नेमक्या त्याच वेळी तो नाहीसा होतो. वर्गात नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेस येत नाही, तेव्हा चांगला शिक्षक त्याच्या घरी जातो. सोबत्यांनीही तेच करावे.

घरच्या मंडळींसाठी दोन शब्द

नवरा, सासू, मुले आणि शेजारी यांनी तीन वाक्ये तोंडातून काढू नयेत. "किती वाळलीस, आजारी दिसतेस" हे पहिले. "एवढ्याने काय होते, अजून थोडे घे" हे दुसरे. "एवढा पैसा घातला आणि पुन्हा वाढलीस" हे तिसरे. त्याऐवजी सोबत चालावयास जावे. भरले पान वाढण्याऐवजी लहान बशी पुढे ठेवावी. ताटात टाकलेल्या अन्नावरून बोलू नये. आपल्याकडे अन्न टाकणे पाप मानतात, आणि उपाशी पोटी मळ्यात राबलेल्या आजोबांच्या घरात ते स्वाभाविकही आहे. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या पोटात कोंबलेला घास काही सत्कारणी लागत नाही. उरलेले झाकून ठेवावे, दुपारी तेच पुन्हा उपयोगी पडेल.

आणि गुपित? शस्त्रक्रिया झाली हे गावभर सांगितलेच पाहिजे असे नाही. तो ज्याचा त्याचा अधिकार आहे. पण घरातील एका तरी माणसास आणि अडीअडचणीस नेणाऱ्या एका शेजाऱ्यास खरे माहीत असावे. बेशुद्ध पडलेल्या रुग्णाविषयी "पोटात गाठ होती" असे डॉक्टरांस सांगितले, तर त्यांनी उपचार तरी कशाचा करावा?

तीन माणसे पुरेत

अशी बैठक उभारण्यास फार काही लागत नाही. मंडळाची खोली शनिवारी दुपारी मोकळी असते, शाळेचा वर्गही विनंतीने मिळू शकतो. गावातील परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ तीन महिन्यांतून एकदा येऊन शंका निरसन करतील, तर उत्तमच. बाकी आठ-पाच खुर्च्या, पाणी, आणि दुसऱ्याचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकण्याची सवय एवढे पुरे. आपल्या बैठका जाती-भाषेच्या भिंतींत अडकू नयेत, कारण जठराला जात नसते.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन वर्ष दोन वर्षे लोटली आहेत, त्यांना माझी विशेष विनंती आहे. आपणांस आता बरे वाटत असेल, आपण तो विषय मागे टाकला असेल. परंतु या आठवड्यात आपल्या जिल्ह्यात कोणीतरी इस्पितळातून घरी येईल, आणि चमचाभर वरणाच्या पाण्याकडे पाहून मनात म्हणेल की आपण मोठी चूक केली. त्याला डॉक्टरांचा कागद मिळालेला असेलच. त्याला आपला आवाज हवा आहे. ओळखीतून त्याचा शोध घ्यावा, आणखी एकास सोबत घ्यावे, आणि जाऊन भेटावे. तीन माणसे जमली की बैठक झाली.